माशी शिंकली ती सारंगखेड्यात

आधीच सांगून टाकतो, घोड्याला काही झालेलं नाही. शेपटीचे पाच-सात केस गेले, एवढंच. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण शहाद्यात या प्रकरणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरताहेत. एकीत मी घोडा चोरताना रंगेहाथ सापडलो. दुसरीत घोड्यानं मला तापीच्या काठानं फरफटत नेलं. तिसरी आवृत्ती आमच्याच गल्लीत तयार झाली असून ती अशी की, निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं.

खरं म्हणजे मी मासे धरायला गेलो होतो. तेही धरून सोडायला. आणि गळाला गांडूळ नव्हतं, कणीक नव्हती, तर पिसांची माशी होती. हे तीन मुद्दे मी त्या दिवशी जमावाला ज्या क्रमानं समजावून सांगितले, त्यानं माझी बाजू अधिकच लंगडी झाली.

सुरुवात डेन्व्हरला झाली. आमचे साडूभाऊ तिथं तीस वर्षं आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता गेलो, तेव्हा बायका खरेदीला गेल्या आणि साडूभाऊंनी मला पहाटे उठवून साडेतीन-चार तासांवरच्या एका नदीवर नेलं. नदीचं नाव फ्राइंगपॅन. तवाच म्हणा ना. तवा नदी आपल्याकडंही आहे, सातपुड्यातून येऊन पूर्वीच्या होशंगाबादजवळ, म्हणजे आताच्या नर्मदापुरमजवळ नर्मदेला मिळते, तिच्यावर धरणही आहे. पण आपल्या तव्यातला मासा लोक धरतात, विकतात आणि खातात. कोलोरॅडोच्या तव्यातला मासा धरतात, त्याचा फोटो काढतात आणि पुन्हा तव्यात सोडतात. धरणाखालच्या पट्ट्यात तसा नियमच आहे. मला वाटलं साडूभाऊ थट्टा करताहेत. त्यांनी परवान्याचे पैसे भरले तेव्हा पटलं. मासा घरी न आणण्याचे पैसे!

त्या नदीवर १९६८ साली पुरं झालेलं रुडी नावाचं धरण आहे. त्याची गंमत साडूभाऊंनी गाडीत सांगितली ती अशी. धरण खोल असलं की वरचं पाणी उन्हानं तापतं, तळाचं थंडच राहतं. दार तळाशी असलं की खालच्या नदीला बाराही महिने माठातलं पाणी. भर उन्हाळ्यात पाण्यात पाय घातला, तर तो माझा की साडूभाऊंचा हे मला खाली वाकून बघावं लागलं. असं पाणी ट्राउटला मानवतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तिचा जीव कासावीस होतो. शिवाय धरणातल्या माशांना खाऊ म्हणून तिथं कधी काळी मायसिस नावाची जवळ्याएवढी कोळंबी सोडली होती. ती दिवसा तळाशी दडून बसते आणि म्हणून तळाच्या दारातून फुकटात खालच्या नदीत येऊन पडते. धरणातले मासे राहिले बाजूला, खालची ट्राउटच ती खाऊन माजली. वरण-बट्टीच्या पंगतीत आमचे एक मामा नेमका भटारखान्याच्या दाराशी पाट धरतात, तशा या ट्राउटा धरणाच्या दाराशी तोंड उघडून उभ्या असतात. ज्या डोहात सगळ्यात लठ्ठ ट्राउट असतात, त्याला तिथले लोक संडासाचं भांडं म्हणतात, कारण पाणी तसंच गरगरतं. इतक्या सुंदर दरीत इतकं घाण नाव ठेवायला धाडस लागतं.

माशीची काठी फेकायचं शास्त्र वेगळं आहे. आपल्या गळाला शिशाचा तुकडा असतो, तो वजनानं लांब जातो. इथं माशीला वजनच नाही, म्हणून वजन दोरीला. पिवळी जाड दोरी डोक्यावरून आधी मागं भिरकावायची, ती मागं पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढं. काठी घड्याळाच्या काट्यासारखी धरायची. दहावर थांबली पाहिजे, एकवर थांबली पाहिजे. "दहा ते एक, लक्षात ठेवा," साडूभाऊ म्हणाले. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे काय सांगायचं! माझ्या काउंटरची वेळ तीच होती. मी काठी बरोबर एक वाजता बंद केली आणि साडूभाऊंची टोपी काढली. पुढच्या फेकीत झाड. त्याच्या पुढच्या फेकीत स्वतःचा कान. गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून टाकलेला असतो, म्हणजे सोडताना माशाला इजा होत नाही. कानालाही झाली नाही.

दिवसभरात एक ट्राउट माझ्या माशीपर्यंत आली. जवळून पाहिली, आणि कर्जाच्या कागदात त्रुटी सापडलेल्या तपासनिसाच्या चेहऱ्यानं परत गेली. साडूभाऊंनी मात्र बावीस इंचांची धरली, पाण्यातच तिचा फोटो काढला, तिच्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलले आणि सोडून दिली. मी तिच्या जाणाऱ्या पाठीकडं बघत राहिलो. लालसर पट्टा, काळे ठिपके. तिथंच मला लागण झाली.

निघताना साडूभाऊंनी जुनी काठी, फिरकी, माश्यांची डबी आणि त्यांची छातीपर्यंत येणारी रबरी विजार असं सगळं भेट दिलं. साडूभाऊ सहा फूट, मी पाच फूट चार इंच, त्यामुळं विजार मला हनुवटीपर्यंत येते. नळकांड्यात चार तुकडे करून ठेवलेली काठी घेऊन सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीत बसलो, तर समोरचे आजोबा नवापूरपर्यंत बासरी ऐकायची वाट बघत होते.

घरी पहिला सामना आईशी. आई माळकरी, वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं असा आमचा समज. मी तिला सगळा प्रकार सांगितला. तिनं जपमाळ खाली ठेवली.

"धरीसन सोडानंच शे, ते धरानं कसाले?"

याला उत्तर नव्हतं. साडूभाऊंकडंही नव्हतं, मी फोन करून विचारलं.

"आनि त्या बिचारानी तुनं काय घोडं मारं?" आई म्हणाली आणि पुन्हा जपाला लागली. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता तापी. लहानपणी आई आम्हाला प्रकाशाला न्यायची. दक्षिण काशी म्हणतात त्याला. तापी, गोमाई आणि पुलिंदा यांचा संगम, केदारेश्वराचं देऊळ. घाटावर ती कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकायची आणि मासे वर यायचे. त्या माशांची नावं मी कधी विचारली नाहीत. फ्राइंगपॅनवर मात्र पाण्यावर बसणाऱ्या चार प्रकारच्या किड्यांची नावं मी वहीत लिहून घेतली होती.

आता प्रकाशाला बॅरेज आहे, म्हणजे धरणाच्या खालची नदी आली. मी सप्टेंबरअखेर गेलो. साडूभाऊंचा पहिला नियम, आधी पाण्याचं तापमान घ्या. घरात तापमापक एकच, तापाचा. तो तापीत बुडवला. काही वेळानं तो वाजला आणि पडद्यावर आलं, फार कमी. तापाचा तापमापक माणसाच्या अंगाच्या तापमानाहून फार खालचं काही मोजत नाही, हे मला तिथं कळलं. नदीला ताप नाही, एवढं निदान झालं. पण ताप नसला तरी तापी ही सूर्याची लेक, शनीची सख्खी बहीण. नावातच ताप. नंदुरबारच्या उन्हात मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडं सरकतो, तिथं या बाईच्या घरी ट्राउट नांदेल कशी? खरं तर हे मला निघतानाच कळायला हवं होतं. शिवाय बॅरेज म्हणजे रुडी नव्हे. नदीच्याच पात्रात पाणी अडवायचं आणि पूर आला की दारं वर उचलायची; खोल थंड तळ वगैरे भानगड नाही. साहेबानं १९०० साली काश्मिरात ट्राउट वसवली, निलगिरीतही नेली; खानदेशाच्या वाटेला तो गेला नाही. साहेब लुटारू असेल, पण मूर्ख नव्हता.

मला मात्र ट्राउटच पाहिजे असं नव्हतं. कुठलाही मोठा मासा चालला असता. विजार चढवून मी काठावर उतरलो. आत दहा मिनिटांत इतका घाम जमला की धरण माझ्याच अंगात बांधलंय असं वाटलं. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. माशी फेकली की ती कुठं पडली हे मलाच दिसत नव्हतं, माशाला काय दिसणार? शेजारी एक दहा-बारा वर्षांचा पोरगा बांबूच्या काटकीला नायलॉन बांधून बसला होता. तासाभरात त्यानं तीन चिलापी काढल्या. चिलापी म्हणजे मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली आणि आपली होऊन गेली. परदेशी मासा इथं रुळतो तो असा. तिला कणीक चालते. मी पोराला माझी डबी दाखवली, रेशीम आणि मोरपिसाच्या चोवीस माश्या.

तो बराच वेळ बघत राहिला. मग समजुतीनं म्हणाला, "काका, माश्याच पाह्यजेत ते उकिरडावर जा ना. नदीम्हा काय करतस?"

मी त्याला दोरी, काठी, दहा ते एक असं सगळं सांगायला घेतलं, तेवढ्यात बॅरेजचा भोंगा वाजला. आता कोलोरॅडोत साडूभाऊ निघण्याआधी फोनवर बघतात, नदीत आज किती पाणी सोडलंय. तिथं दोन-तीनशे क्यूसेक म्हणजे भरली नदी. आपल्याकडंही हे पेपरात रोज छापून येतं, हतनूर धरणाचे इतके दरवाजे उघडले, इतक्या हजार क्यूसेकनं विसर्ग, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. हतनूरला एकेचाळीस दरवाजे. पाणी निघालं की खाली सुलवाडे, मग सारंगखेडा, मग प्रकाशा, मग गुजरातेत उकाई. पेपरात ते तीन दिवस येत होतं. मी ते तीन दिवस शब्दकोडं सोडवत होतो. विसर्ग हा शब्द दिसला की मला शाळेतले दोन टिंब आठवतात, त्यापुढं मी जात नाही.

पोरगा केव्हाच वर गेला होता. त्यानं वरून हाक मारली तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याला लागलं होतं. रबरी विजारीत धावण्याचा अनुभव ज्यांना नसेल त्यांनी पोत्यात पाय घालून पळण्याची शर्यत आठवावी. मी ती चौथीत हरलो होतो. वर पोचलो. चपला काठावर काढून ठेवल्या होत्या, त्या उकाईला गेल्या असाव्यात. बॅरेजवरच्या माणसानं मला जे सुनावलं ते सगळं खरं होतं, म्हणून इथं देत नाही.

पुढचा महिना मी चौकशीत घालवला. साडूभाऊ फोनवर म्हणाले, "तोरणमाळला बघा की, थंड हवेचं ठिकाण आहे ना?" आहे. पण तोरणमाळ थंड म्हणजे शहाद्यापेक्षा थंड. यशवंत तलावाचं पाणी ट्राउटला विचारून थंड होत नाही. धडगावला मास्तर असलेले एक मित्र म्हणाले, मोठा मासा पाहिजे तर महसीर, नर्मदेतला. हा खरा आपला वीर. वाहत्या पाण्यात, खडकाखडकांतून वर चढणारा. पण सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटरवर गेली आणि आपल्या बाजूला अक्राणी-अक्कलकुव्यातली नर्मदा वाहायची थांबून साचली. तेहतीस गावं बुडाली, आणि महसीरला लागणारे धावते खडकही त्यांच्याच सोबत. म्हणजे एका धरणानं तिकडं मासा लठ्ठ केला, दुसऱ्यानं इकडं मासा घालवला. मी हे मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "माशाचं सोडा हो, माणसांचं काय झालं ते बघायला या एकदा." मी गेलो नाही. हौशी माणूस अशा वेळी बरोबर विषय बदलतो.

नोव्हेंबरात मी गच्चीवर सराव केला. मोसम मिरचीचा. बायकोनं वर्षाची लाल मिरची गच्चीभर वाळत घातली होती. दोरी मागं, दोरी पुढं, दहा ते एक. फेक खरंच सुधारत होती. दोरी मिरच्यांवरून किती वेळा फिरली हे मी मोजलं नाही. मग डोळ्यावरची माशी, म्हणजे खरी माशी, हातानं हाकलली. पुढचे दोन तास मी बादलीत डोकं घालून होतो. "अहो, तुम्ही मासे धरताय की मासा होताय?" बायको म्हणाली. संसारात असे प्रश्न उत्तरासाठी नसतात.

आणि मग मार्गशीर्ष पौर्णिमा आली. दत्तजयंती, सारंगखेड्याची यात्रा. एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि त्याच्या जोडीला देशभर नावाजलेला घोडेबाजार. मारवाड, काठेवाड, पंजाब, कुठून कुठून घोडे येतात, किमती लाखांत. तापी तिथंही आहे, बॅरेज तिथंही आहे, आणि डिसेंबरात पाणी निवळतं. मी ठरवलं, आधी दत्ताचं दर्शन, मग यात्रेच्या गर्दीपासून लांब, नदीकाठी दोन तास. यावेळी पेपर वाचून गेलो. विसर्ग नव्हता. विजार घरी ठेवली. एवढी अक्कल आली होती.

काठावर सकाळचं धुकं, पाणी आरशासारखं. पलीकडं काहीतरी उसळलं, मोठं वर्तुळ उमटलं. माझे हात थरथरले. तिथपर्यंत फेक पोचवायची तर दोरी जास्त सोडायला हवी, म्हणजे मागंही तेवढीच जाणार. साडूभाऊंचा दुसरा नियम मी अजून सांगितलेला नाही, कारण मला तो तेव्हा आठवला नव्हता. मागं बघा.

काठी मागं नेली, एकवर थांबवली, दोरी उलगडली, आणि पुढं ओढली तर येईना. मग हिसका बसला. पुस्तकात लिहिलेला, स्वप्नात आलेला तो हिसका! फिरकी किंचाळायला लागली. काठी वाकली. माझ्या मनात पहिला विचार आला, लागला! दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. नदी समोर आहे आणि मासा मागं कसा?

पाणी पाजायला आणलेला पांढराशुभ्र घोडा होता. माशी त्याच्या शेपटीत. धरणारा पोरगा लगाम सुटल्यामुळं वाळूत बसलेला, आणि घोडा बाजाराकडं निघालेला. अशा वेळी शहाण्या माणसानं काठी टाकून द्यावी. पण साडूभाऊ म्हणाले होते, मोठा मासा पळाला तर दोरी ताणून न धरता त्याच्यामागं पळायचं. मी पळालो. नऊ फुटांची काठी उंच धरून, पिवळ्या दोरीमागं, लगाम-खोगिरांच्या दुकानांसमोरून, जिलबीच्या कढईला वळसा घालून. लोक बाजूला होत होते. कुणीतरी शिट्टी मारली. शेवटी पुढचं बारीक नायलॉन तुटलं, घोडा आपल्याच दावणीपाशी जाऊन उभा राहिला आणि मी त्याच्या मालकापाशी.

"ये क्या है?" मालकानं काठीकडं बोट दाखवलं. फेटा, मिशा, शांत आवाज. शांत आवाजाची मला जास्त भीती वाटते.

"मछली पकड़ने का," मी धापा टाकत म्हणालो.

"तो घोड़ा क्यों पकड़ा?"

"हम पकड़ते हैं और छोड़ देते हैं," मी म्हणालो.

हे वाक्य फ्राइंगपॅनवर प्रतिष्ठेचं आहे. घोडेबाजारात प्रत्येक चोर हेच सांगतो. गर्दी जवळ सरकली. परिस्थिती सावरावी म्हणून मी ज्ञान काढलं. साडूभाऊंनी दिलेल्या पुस्तकात वाचलं होतं. साहेब, म्हटलं, हा फार जुना खेळ आहे. १६५३ साली इंग्लंडात आयझॅक वॉल्टननं यावर ग्रंथ लिहिला, आणि त्या काळी ही दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांचीच वळायचे.

मालकानं घोड्याच्या शेपटीकडं पाहिलं. तिथं मोरपिसाची माशी लोंबत होती. मग माझ्याकडं पाहिलं. आता मी घोडाचोर उरलो नव्हतो, शेपटीचोर झालो होतो. घोडाचोराला निदान इज्जत असते.

त्या दिवशी मला वाचवलं ते माझ्या एका जुन्या खातेदारानं. गर्दीतून पुढं येऊन तो म्हणाला, "अरे, हे आमच्या बँकेचे साहेब. यांच्या हातनं एवढं होणार नाही." मालकाचं समाधान झालं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कर्तबगारीवर इतका ठाम अभिप्राय कुणी दिला नव्हता. घोड्याच्या खुराकाला पाचशे एक रुपये दिले, दत्ताला नारळ फोडला. घोडा पुढं विकला गेला की नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही.

घरी आलो तर बातमी आधीच पोचलेली. आई ओट्यावर बसली होती. ऐकू कमी येतं असा आमचा समज, हे मागं लिहिलंच आहे.

"मी इचारं व्हतं ना तुले," ती म्हणाली, "काय घोडं मारं?"

तर वाचकहो, नऊ फुटी काठी, चार तुकड्यांत, नळकांड्यासह; फिरकी, पिवळी दोरी, तेवीस माश्या आणि सहा फुटी माणसाची रबरी विजार विकणे आहे. किंमत समक्ष ठरवू. थंड पाण्याच्या प्रदेशात जाणाऱ्यांना प्राधान्य. चोविसावी माशी सारंगखेड्यात राहिली. घोडेवाल्यांनी कृपया चौकशी करू नये.